उजव्या मडगार्डची फट

मी, वय एकाहत्तर, धंदा जुन्या ट्रकांचे पत्राकाम, हे मृत्युपत्र माझ्या वर्कशॉपमधल्या पुढच्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. ऐकू कमी येते, पण ते पन्नास वर्षे पत्रा ठोकल्यामुळे. त्याचा बुद्धीशी संबंध नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट मुलगी म्हणते, "बाबा, आत्ताच कसली घाई?" घाई अशी की पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे आणि डॉक्टर बोलताना माझ्याकडे न बघता कागदांकडे बघतात. वकीलबाईंनी एक मसुदा टाइप करून दिला होता. त्यात माझे एकही वाक्य सापडले नाही, म्हणून त्यातली कलमे ठेवली आणि वाक्ये माझी घातली.

कलम १. वरच्या दोन खोल्या आणि खालचे वर्कशॉप, सगळी इमारत मुलीला. न्हाणीघरातला नळ उलटा फिरतो. प्लंबरने तीनदा पाहून तसाच ठेवला आहे, चौथ्यांदा बोलावू नये. तिच्या आईचे कपाट विकू नये. बाकी काय विकायचे ते विकावे.

कलम २. बँकेत जे आहे ते माझा शेवटचा खर्च भागवून मुलीला. यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. जावयाने पंधरा वर्षे माझ्या कामाला 'भंगार' म्हटले. त्याला वर्कशॉपमधला भंगार मोजायचा वजनकाटा द्यावा. माणूस मनाचा चांगला आहे, मुलीला जपतो, या दुखण्यात मला गाडीतून नेतो-आणतो आणि कुरकुर करत नाही. काटा रागाने देत नाही. त्याला बघून हसू यावे, एवढेच.

कलम ४. माझी हत्यारे, म्हणजे सगळे हातोडे, ठोकळे, कात्र्या आणि पत्र्याला गोलाई देणारे चाकाचे यंत्र, माझ्याकडे बारा वर्षे वेल्डिंग करणाऱ्या बाईंना. मुलीने त्यांना वर्कशॉप वाजवी भाड्याने द्यावे. अट एकच: खड्डा बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरली तर ती नखाहून जाड नसावी. पत्रा ठोकून सरळ करायचा असतो, लिंपून नाही. एका टोपीवाल्या गिऱ्हाइकाने मी त्याच्या ट्रकला चार ठिकाणी लांबी थापली असे गावभर सांगितले होते. ते खोटे आहे. दोनच ठिकाणी होती.

कलम ५. पत्रा 'बसतो' म्हणजे काय, हे एकदा लिहून ठेवतो, कारण पुढचे कलम त्याशिवाय समजणार नाही. आम्ही ज्या गोल नाकाच्या ट्रकांवर आयुष्य काढले, ते बनवणे कंपनीने चाळीस वर्षांपूर्वी बंद केले. त्यांचे ओरिजिनल पत्रे आता मिळत नाहीत. मालक डुप्लिकेट घेतात, म्हणजे जुन्या नमुन्यावरून साचा करून नव्याने दाबलेले. डुप्लिकेट लांबून सारखेच दिसतात. खरी परीक्षा बोल्ट लावताना होते. भोक भोकासमोर येते का? पत्रा जाडीला भरतो का, की अंगठ्याने दबतो? कड नीट वळवली आहे का, की हात कापते? आणि शेवटी फट. दरवाजा आणि मडगार्ड यांच्यामध्ये वरपासून खालपर्यंत एक सूत फट हवी. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वर तीन सूत आणि खाली एक सूत असेल, तर रंग कितीही झकास मारा, ट्रक तोंड वाकडे केल्यासारखा दिसतो. आणि पत्रा प्रत्यक्ष बसवून बघितल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलू नये. हा नियम माझाच आहे.

कलम ६. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाबद्दल.

आम्ही दोघांनी मिळून हे वर्कशॉप सुरू केले. पुढे त्याने पत्रा दाबायची प्रेस टाकली आणि डुप्लिकेट पत्रे करायला घेतले. उजव्या मडगार्डच्या साच्यासाठी त्याला नमुना हवा होता. मी फळीवरून एक काढून दिले. म्हणालो, "घे, ओरिजिनल आहे. डोळे झाकून उतरव."

त्याने उतरवले. त्याचे उजवे मडगार्ड ज्या ज्या ट्रकला लावले, त्या प्रत्येकाला वर तीन सूत फट. त्याला एका शब्दाने न विचारता मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितले, की याच्या मालाला हात लावू नका. त्यातले एक मडगार्ड समोरच्या भिंतीवर टांगून खाली पाटी लावली: 'असे घेऊ नये.' त्याचे दरवाजे, बॉनेट, डावी मडगार्डे जाड पत्र्याची आणि चोख होती. माझ्या शब्दापायी लोक तेही घेईनासे झाले. एके दिवशी तो आला, पाटी वाचली आणि दारातूनच परत गेला. त्याला एकोणीस वर्षे झाली. मुलीच्या लग्नाला आला, तिला जवळ घेतले आणि माझ्या समोरून निघून गेला. माझी बायको असेपर्यंत दुपारी त्याला फोन करायची. मी तेव्हा झोपेचे सोंग घेत असे.

मागच्या महिन्यात आवराआवर करताना भिंतीवरचे ते मडगार्ड उतरवले. आतून थिनरने पुसले. मागच्या कडेला ओळीने तीन खुणा दिसल्या, अर्ध्या गोल आणि एका बाजूने तुटक. अशी खूण या धंद्यात एकाच हातोड्याची उठते. तो माझा आहे. त्याची कोर माझ्या उमेदवारीच्या काळात उडाली होती, आणि तो हाताला बसला म्हणून मी ती कधी घासून घेतली नाही.

मग आठवले. मी नमुना म्हणून दिलेले मडगार्ड एका झाडावर आदळलेल्या ट्रकचे होते. त्याची केबिन पुरती सरळ होईना, म्हणून मी मडगार्डची कडच ठोकून दोन सूत हलवली आणि वाकड्या केबिनला जुळवून घेतली. त्या एका ट्रकवर फट सुरेख दिसली. पुढे मालकाने केबिनच बदलली आणि मडगार्ड माझ्या फळीवर राहिले. तेच मी भावाला ओरिजिनल म्हणून दिले. त्याने माझी चूक इतक्या इमानदारीने उतरवली, की हातोड्याच्या खुणासुद्धा सुटल्या नाहीत.

मला लाज वाटली. अजून वाटते. त्याच्या घरापर्यंत दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा कोपऱ्यावरून परतलो. तोंडाने जमत नाही म्हणून इथे लिहितो: चूक माझी होती, त्याची नव्हती. हे वाक्य मोठ्या अक्षरांत रंगवून वर्कशॉपच्या दाराला वर्षभर लावावे. आणि मी स्वतःसाठी बांधत असलेला गोल नाकाचा ट्रक, जो उजव्या मडगार्डवाचून तीन वर्षे उभा आहे, तो भावाला द्यावा.

सह्यांपूर्वीची नोंद. वरचे लिहून झाल्यावर आज सह्या व्हायच्या होत्या. एक साक्षीदार शेजारचा रंगारी. दुसरा, सीटा शिवणारा, तापाने पडला. मुलीने मला न विचारता काकाला फोन केला. तो स्वतःच्या साच्यातले नवे उजवे मडगार्ड खांद्यावर घेऊन आला. आल्या आल्या ते ट्रकला लावले, आठही बोल्ट हाताने फिरले. रंगाऱ्याने फट मोजली. वर एक सूत, मध्ये एक, खाली एक.

मग त्याने खुर्ची ओढून कलम सहा वाचले. दोनदा वाचले.

"साचा मी अकरा वर्षांपूर्वीच सरळ केला, दादा," तो म्हणाला. "घासताना तुझ्या खुणा दिसल्या."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुझ्या दारात कोण आलं असतं? आणि मला वाटलं, कधीतरी एखादं बसवून बघशील. तूच सांगायचास ना सगळ्यांना, बसवून बघितल्याशिवाय बोलू नका म्हणून?"

अकरा वर्षांत मी एकही बसवून पाहिले नव्हते.

सह्यांसाठी आलेल्या वकीलबाई मध्ये पडल्या. "एक अडचण आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तुम्ही सही केलीत तर ट्रक तुम्हाला मिळणार नाही. मी दुसरा साक्षीदार बघते."

"कशाला बघता?" भाऊ म्हणाला. "पेन आणा इकडे."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मानेनेच हो म्हटले. कलम सहामधला ट्रकाचा मजकूर मी खोडलेला नाही, तो तसाच राहू द्यावा. सहीमुळे तो निकामी झाल्यास ट्रक मुलीचा.

हे सर्व मी लिहिले, वाचले आणि मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करतो.

स्थळ: वर्कशॉप, पुढचे टेबल
दिनांक: १४ नोव्हेंबर, दुपारी साडेतीन

लिहून देणार: (सही) पत्राकाम कारागीर

साक्षीदार १: (सही) शेजारचा रंगारी. फट मी स्वतः मोजली.

साक्षीदार २: (सही) लिहून देणाऱ्याचा धाकटा भाऊ. या सहीमुळे ट्रकावरचा माझा हक्क जातो, हे समजून सही केली आहे. मला तो असा मेल्यावर नको. द्यायचा असेल तर दादाने ऑपरेशन करून घरी यावे आणि स्वतः चालवत माझ्या दारात आणून द्यावा.