ओढ्यापलीकडची मते आणि मरून टी-शर्ट

शुगर लँड, टेक्सस
शनिवार, १६ नोव्हेंबर, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे
(या वेळी मी मनोहरकाकांच्या अंगणातून त्यांच्या प्रचाराच्या पाट्या उपटत होतो. हात धुऊन अंगणातच लिहायला बसलो आहे.)

तीर्थस्वरूप एकनाथअप्पांच्या चरणी शार्दूलचा दंडवत.

आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. आपला गुडघा आता जिना चढू देतो का? नंदाकाकूंची साखर कशी आहे? भावकीतली इतर मंडळी कशी आहेत, तेही सविस्तर कळवावे. विशेषतः कवठ्याचे प्रल्हादआजोबा. त्यांना आता नक्की किती वर्षे झाली? मागच्या दिवाळीत आपण म्हणाला होता, की त्यांचे जेवण अगदीच कमी झाले आहे. तेव्हापासून मला राहून राहून त्यांची आठवण येते. (टपालाने हे पत्र पोचायला महिना लागेल, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे. आपल्याला मोबाईलवर टाईप केलेले पत्र आवडत नाही, हे माझ्या लक्षात आहे.)

आपण विचारले होते, की कम्युनिटी कॉलेज सोडल्यापासून मी करतो काय. दिवसा इंडियन ग्रोसरीत डाळी-पिठे लावतो, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर दर शनिवारी फुटबॉल पाहतो. इथला फुटबॉल हाताने खेळतात. त्याला फुटबॉल का म्हणतात हे मी कोणाला विचारले नाही, कारण हा प्रश्न विचारणाऱ्याकडे लोक कसे पाहतात ते मी पाहिले आहे. आमची टीम एका मोठ्या युनिव्हर्सिटीची आहे. रंग मरून, म्हणजे आपला काळपट लाल. आमची म्हणजे, मी तिथे शिकलेलो नाही. मी अर्ज केला होता, तो त्यांनी नाकारला. पण नकार प्रवेश कचेरीने दिला होता, टीमने नव्हे, तेव्हा टीमवर राग धरण्यात अर्थ नाही. त्यांच्या स्टेडियममध्ये एकदा तरी बसावे अशी माझी फार इच्छा आहे, पण तिकिटाची किंमत पाहिली की मी लगेच दुसरे पान उघडतो. सप्टेंबरपासून मी प्रत्येक मॅचला एकच मरून टी-शर्ट घातला आणि तो धुतला नाही. टीम एकही मॅच हरली नव्हती. इथल्या आमच्या काकूच्या, म्हणजे मनोहरकाकांच्या बायकोच्या, मते तो टी-शर्ट ओवळा आहे, त्यामुळे तो अंगात असताना मला देवघरावरून जाता येत नाही, गॅरेजमधून वळसा घालून स्वयंपाकघरात यावे लागते.

याच सुमारास काका निवडणुकीला उभे राहिले. मोठ्या निवडणुकीला नव्हे. आमच्या वस्तीचे पाणी आणि सांडपाणी पाहणारे एक बोर्ड असते, त्याच्या एका जागेसाठी. उन्हाळ्यात दोनदा रस्त्यावरचे पाणी गॅरेजपर्यंत आले आणि काकांच्या डोक्यात गेले. जन्मभर तेलाच्या कंपनीत पाईपलाईनी टाकल्या त्यांनी, आणि बोर्डावर बसला होता डग नावाचा गाद्यांचा दुकानदार. काकांनी रात्रंदिवस बसून निचऱ्याची योजना तयार केली, नकाशांसकट. योजना खरोखर चांगली आहे. (मला सगळी कळलेली नाही, पण नकाशे फार सुबक आहेत.) त्यांनी मला प्रचारप्रमुख नेमले. मला इथे मत नाही. ज्या कॉलेजात प्रवेश नाही त्याची टीम आणि ज्या निवडणुकीत मत नाही तिचा प्रचार, अशी दुहेरी जबाबदारी मी मनापासून सांभाळली.

अडचण रंगाची झाली. काकांनी पाट्या भगव्या छापायला दिल्या आणि कार्यकर्त्यांसाठी पुण्याहून भगवे फेटे मागवले. आता अप्पा, या राज्यात आमच्या टीमची एक हाडवैरी टीम आहे आणि तिचा रंग नेमका तोच. ते त्याला काही वेगळे नाव देतात, पण फेटा शेजारी धरला तर तुम्हालाही फरक सांगता येणार नाही. ओढ्याच्या आमच्या बाजूची सगळी वस्ती मरून. मी काकांना चहाच्या वेळी हळूच म्हटले, "काका, हा रंग इथे जरा चालत नाही." काका म्हणाले, "शार्दूल, भगवा चालत नाही असा मुलूख देवाने अजून केलेला नाही." काकू म्हणाली, "आणि तुझा तो धुवायला टाक आधी." विषय संपला.

पहिल्या शनिवारी आम्ही दोघे फेटे बांधून दारोदार हिंडलो. माझ्या अंगात आत मरून टी-शर्ट होता, कारण दुपारी मॅच होती. शुगर लँडच्या उकाड्यात दोन थर म्हणजे काय ते सांगत बसत नाही. लोक दार उघडत, आधी फेटा पाहत, मग दारावर लावलेला स्वतःचा मरून झेंडा पाहत, आणि फार सभ्यपणे दार लावून घेत. एका गृहस्थाने थंड पाणी दिले आणि आम्ही रस्ता चुकलो आहोत का, असे विचारले. काका परत येताना म्हणाले, "इथल्या लोकांना निचऱ्याचं काही पडलेलं नाही." खरे कारण सांगून त्या माणसाचा उत्साह मला मारायचा नव्हता.

मग आम्ही ओढा ओलांडून पलीकडच्या नव्या घरांकडे गेलो. पहिल्याच घरातून बेव्हर्ली नावाच्या साधारण सत्तरीच्या बाई धावत आल्या आणि त्यांनी काकांना मिठी मारली. त्यांचे घर, गाडी, कुत्र्याचा पट्टा, सगळे वैऱ्याच्या रंगाचे. चाळीस वर्षे मॅच पाहते, म्हणाल्या, पण इतके मीटर कापड डोक्याला गुंडाळणारा निष्ठावान माणूस आजच पाहिला. काकांना वाटले, या बाईंच्या घरातही पाणी शिरले असणार. त्यांनी तिथेच उभे राहून वीस मिनिटे निचरा समजावला. बाईंनी डोळे न मिटता ऐकले आणि सांगितले, आमच्या गल्लीची मते तुमचीच, फक्त पुढच्या शनिवारी आमच्याकडे मॅचला यायचे. काका म्हणाले, "ऑफ कोर्स!"

अप्पा, तो शनिवार मी विसरणार नाही. बेव्हर्लीबाईंच्या गॅरेजमध्ये मोठा टीव्ही, तीसेक माणसे, आणि मधोमध आम्ही दोघे फेटेवाले. काका चुकीच्या वेळी टाळ्या वाजवत होते, आणि लोक ते विनोद म्हणून घेत होते. खेळ थांबला की मला मोठ्याने विचारायचे, "आता काय, जेवायची सुट्टी?" मला वैऱ्याच्या टीमसाठी ओरडावे लागले. मी ओरडलो. बाईंनी मला खाण्याची भरलेली ताटली दिली होती, न ओरडणे असभ्य दिसले असते. पण आतला मरून टी-शर्ट माझ्या अंगाला चिकटून बसला होता, आणि त्याच वेळी दुसऱ्या गावी आमची टीम मोसमातली पहिली मॅच हरली. याचा अर्थ काय लावायचा ते मी आपल्यावर सोपवतो.

निवडणूक झाली. अलीकडच्या केंद्रावर काकांना एकोणीस मते पडली. पलीकडे इतकी पडली, की काका एकूण चौदा मतांनी निवडून आले. काकूने पेढे वाटले. डगनेही एक खाल्ला. काका छोटेसे भाषण करताना म्हणाले, की लोकांनी माणूस पाहिला नाही, योजना पाहिली. त्यांचा आवाज भरून आला होता. अशा क्षणी मध्ये बोलणारा मी नव्हे. एकंदरीत सर्व उत्तम झाले आहे आणि पुढेही होईल, याची मला खात्री आहे.

नंदाकाकूंना आणि घरातल्या सर्व थोरांना माझे नमस्कार सांगावेत. आपला आशीर्वाद मला हवाच आहे.

आपला आज्ञाधारक,
शार्दूल

ता. क. येत्या ३० तारखेला, शनिवारी, आमची आणि वैऱ्याची मॅच आहे, तीही आमच्या स्टेडियममध्ये. बेव्हर्लीबाईंनी काका, काकू आणि मला फुकट तिकिटे दिली आहेत. अट एकच, फेटे बांधून यायचे. टीव्हीवाले असली डोकी शोधतच असतात. ग्रोसरीतली सगळी मंडळी मॅच पाहणार, आणि मी त्यांना वैऱ्याच्या रंगात दिसणार. आणि मी नाही म्हणालो, तर काका कारण विचारणार, आणि कारण सांगितले की मते कशाला पडली हे त्यांना कळणार.

ता. क. २. म्हणून एक विनंती. भावकीत कोणाचे काही झाले असल्यास, आणि ते आम्हाला कळवायचे राहून गेले असल्यास, कृपया २१ तारखेच्या सुमारास कळवावे. उशिरा कळले तरी सुतक पाळावे लागते, असे काकूच सांगते. सुतकात ती डाळीला फोडणी घालू देत नाही, फेटा कुठून बांधू देईल? कोणाचे वाईट व्हावे असे माझ्या मनात मुळीच नाही. आधीच झालेले असल्यासच. प्रल्हादआजोबांची चौकशी मी खरोखर आपुलकीने केली आहे, पण तरी ती याच संदर्भात वाचावी.

ता. क. ३. आत्ता काका अंगणात आले. मी उपटलेल्या पाट्या मोजत म्हणाले, "जपून ठेव, पुढच्या वेळी लागतील." माझ्या तोंडून निघून गेले, की काका, पुढच्या वेळी रंग बदलू या. तर ते हसायलाच लागले. "अरे, पस्तीस वर्षं राहतोय टेक्ससमध्ये. मला रंग कळत नाहीत? अलीकडे दोनशे साठ घरं, पलीकडे चारशे. पाट्या छापायच्या आधी मोजून आलो होतो. निचरा लोकांना निवडून आल्यावर समजावायचा असतो." मग जाता जाता म्हणाले, "तीस तारखेला आत तुझा तो मरून घाल. मी बोलणार नाही. पण धुऊन घाल, काकू शेजारी बसणार आहे."

पत्रात खाडाखोड करायची मला सवय नाही, म्हणून वरचे तसेच ठेवतो. पण अप्पा, मी त्या स्टेडियममध्ये जाणार आहे! तेव्हा दुसरी ता. क. कृपया रद्द समजावी, आणि प्रल्हादआजोबांना सांभाळावे. पेज, मऊ भात, जे जाईल ते द्यावे, गार वाऱ्यात बसवू नये. आणि एवढे करूनही काही झालेच, तर मला एक डिसेंबरनंतर कळवावे.