मुकादमने खाल्लं होतं का

प्रिय गोगलगाय,

हे पत्र तुझ्या चिरंजीवांनी उघडलं असेल तर त्यांनी इथेच थांबावं. पाकिटावर तुझं नाव आहे, त्यांचं नाही. आणि तूच वाचत असशील तर आधी पाठीला उशी घे, पाय सरळ ठेव आणि मग वाच. मुकादम आजारी आहे. मेलेला नाही, पळून गेलेला नाही, पण बराच आजारी आहे आणि गेल्या शुक्रवारपासून दवाखान्यात आहे. 'सगळं छान चाललंय' असं मी तुला बारा दिवस कळवत आले, ते खोटं होतं. ही बातमी हळूहळू उलगडत सांगायची असते म्हणे. मला ते जमत नाही, आणि तसं करणाऱ्यांचा मला तिटकारा आहे.

तुझ्या मुलाने मला बजावून ठेवलं आहे. तुझा फोन त्याच्याचजवळ असतो, त्यामुळे तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी त्याच्याशी बोलणं आलं. त्याला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मावशी, आईच्या कमरेचं ऑपरेशन होऊन दोन महिनेसुद्धा झाले नाहीत, तिला काही टेन्शन देऊ नका, तुम्हीच काय ते उरकून टाका आणि बोका पळून गेला म्हणून सांगू. उरकून टाका. मुलगा वाईट नाही, तुझी काळजी घेतो, हे मी मान्य करते. पण बोलताना त्याच्या मागे टीव्ही चालू होता आणि मध्येच तो कुणाला तरी 'आवाज वाढव' म्हणाला. फोन ठेवल्यावर मी हात धुतले. का धुतले मला माहीत नाही, पण धुतले.

किळस मला हल्ली फारच येते. तू ऑपरेशनसाठी मुलाकडे गेलीस तेव्हा वाटलं होतं, मुकादमचंच सगळं करताना येईल. तुला आठवतंय ना, गेल्या वर्षी त्याच्या मातीच्या तबकाभोवती मुंग्यांची रांग लागली आणि तू म्हणालीस, याच्या लघवीत साखर आहे. मी म्हणाले, वाचनालयात बसून बसून तुला वेड लागलंय. मग तपासणी झाली आणि तू खरी ठरलीस. तेव्हापासून ते तबक, ती ओली माती, त्याच्या मागच्या पायांवरचे चिकट केस, सगळं तू करायचीस आणि मी नाकाला पदर लावून लांबून सूचना द्यायचे. पण तू गेल्यावर आठ दिवसांत माझं नाक सरळ झालं. त्याला उलटी झाली तर पुसते, साखरेने मागचे पाय अधू झालेत, टाचांवर चालतो आणि घसरतो, तेव्हा उचलून ठेवते, तबक दिवसातून तीनदा बदलते. त्यात काही नाही. जनावर आहे, त्याला लाज नाही आणि ढोंग नाही.

शिसारी येते ती माणसांची. दवाखान्यात बाकावर बसलं की समोर भिंतभर हसरी कुत्री. टेबलापाशी बसणारी मुलगी हाक मारते, 'मुकादमची मम्मी कोण?' सत्तरी ओलांडलेली मी, परीक्षा विभागात एकतीस वर्षं काढलेली, सबंध खोलीसमोर उठून उभी राहते. शेजारी एक बाई आपल्या कुत्रीला बाबागाडीतून आणते आणि मला सांगते, ताई, तुमच्याकडे बघून बळ येतं हो. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं याच्या उलट. जिन्यात गाठून विचारतात, अजून आहे का तो? मग स्वतःच सांगतात, मांजरासाठी एवढं कशाला, माणसांचं कुणी करत नाही. आणि संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्यांना तेच वळवून सांगतात, आमच्या बाई म्हणजे देवमाणूस, मैत्रिणीच्या बोक्यासाठी काय करतायत बघा. या देवमाणसाबद्दलच तुला सांगायचं आहे.

तू जाताना कागदावर लिहून दिलं होतंस, 'आधी त्याला खाऊ दे, मग टोच.' खाली रेघ मारली होतीस. तुझं टोचणं मी वर्षभर बघितलं होतं. जमिनीवर बसायचं, वाटी पुढे सरकवायची, त्याची मनधरणी करायची, तो दोन घास खाऊन खिडकीत जायचा, तू त्याच्या मागे. कधी सातला इन्सुलिनचं इंजेक्शन, कधी पावणेआठला. बारा तासांचं अंतर पाळायला सांगितलं आहे, मी ओरडायचे. तू म्हणायचीस, अगं, त्याच्या पोटाला घड्याळ कळत नाही. हॉस्टेलमध्ये सगळ्यांची ताटं धुऊन झाली तरी तुझा भात अर्धा उरलेला असायचा, तेव्हापासून तू गोगलगाय. म्हणून तुझ्या कागदाची मी नक्कल केली आणि त्यात सुधारणा केली. तक्ता आखला. सकाळी सात, संध्याकाळी सात. पावणेसातला वाटी, सातला सुई. आणि खरं सांगते, सहा आठवडे सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं. साखरेचे आकडे तुझ्या वेळेपेक्षा चांगले आले. तुला मी ते कळवले, तेही कुत्सितपणे, 'शिस्त म्हणतात ती हीच.' तू परत लिहिलंस, 'बरं बाई, तू जिंकलीस.' ते वाक्य मला फार आवडलं होतं.

बारा दिवसांपूर्वीच्या शनिवारी मुकादमने वाटीला तोंड लावलं नाही. हुंगलं आणि बाजूला जाऊन बसला. मी वाटी जवळ नेली, त्याने मान फिरवली. सात वाजले. गोगलगाय, परीक्षेत घंटा झाली की मी उत्तरपत्रिका ओढून घ्यायचे. मुलं म्हणायची, बाई, एकच ओळ. मी म्हणायचे, घंटा झाली. ती सवय हातात राहिली आहे. मला वाटलं, नाटक करतोय, मी उठले की खाईल. सातला पूर्ण मात्रा टोचली, तक्त्यावर खूण केली आणि चहा ठेवायला गेले. दोन तासांनी तो न्हाणीघराच्या दारात पडला होता, पाय ताठ, तोंडाला फेस. पुढचं मी नीट केलं. हिरड्यांना मध चोळला, टॉवेलात गुंडाळला, रिक्षा केली, वीस मिनिटांत दवाखाना. त्याबद्दल सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

डॉक्टरबाई तरुण आहेत, तू ओळखतेस, त्या केस वर बांधणाऱ्या. त्यांनी सलाईनमधून साखर दिली आणि लिहिता लिहिता विचारलं, सुई देण्याआधी खाल्लं होतं ना त्याने? खोलीत त्या होत्या, मदतनीस होती, बाबागाडीवाल्या बाई दारात होत्या. मी म्हणाले, हो. एवढ्यावर थांबले नाही. म्हणाले, सगळं संपवलं, नेहमीसारखं. डॉक्टरबाईंनी तसं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, खाऊनही साखर एवढी उतरली म्हणजे मात्रा त्याला जास्त होतेय, आपण निम्मी करू, आठवड्याने दाखवा. मी मान हलवली. घरी आले तर वाटी जिथल्या तिथे, भरलेली. मी ती कचऱ्यात पालथी केली, वर जुना कागद टाकला आणि वाटी घासली. दोनदा घासली. घरात पाहायला कोणीही नव्हतं तरी मी वर कागद टाकला. आयुष्यात मी कॉपी करणारे शेकड्यांनी पकडले. चिठ्ठी गिळणारी मुलं पाहिली, मोज्यात लपवणाऱ्या मुली पाहिल्या. त्या सगळ्यांकडे बघून माझ्या तोंडाला जी चव यायची तीच तेव्हा आली, आणि ती अजून गेलेली नाही.

मात्रा निम्मी झाली. तो दोन घास खायचा, पाणी मात्र बादलीभर प्यायचा. मला वाटलं, सावरतोय. सहाव्या दिवशी सारख्या उलट्या, आणि तोंडाला नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास. रक्तात विष झालं होतं. दाखल करून घेतलं. चार दिवस सलाईन, दर दोन तासांनी तपासणी, तरी आकडे हलेनात. मंगळवारी डॉक्टरबाईंनी मला आत बसवलं. म्हणाल्या, मावशी, मी खोटी आशा दाखवणार नाही. पोटभर खात होता तेव्हा साधी मात्रा सोसली नाही, आता मोठी मात्रा लागू पडत नाही. याच्या शरीराचा काही भरवसाच उरलेला नाही. मूत्रपिंडं अर्धी गेली आहेत. मला वाटतं, त्याला त्रास न देता सोडावं. तुमच्याएवढं कुणी केलं नसतं. आणि त्यांनी कागद पुढे केला. तुझ्या मुलानेही तेच सांगितलं होतं. शिंपीणबाईंचं तेच. मी पेन उघडलं. सोपं होतं ना? बोका गेला असता, मी देवमाणूस राहिले असते आणि तू रडून मला पत्र लिहिलं असतंस, 'तू होतीस म्हणून.'

पेनाचं टोपण लावलं आणि सांगितलं. त्याने खाल्लं नव्हतं. एक घासही नाही. मला माहीत होतं आणि मी टोचलं, आणि तुम्हाला खोटं सांगितलं.

मला वाटलं, झापतील. झापायला हवं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, तेव्हाच कळलं असतं की तो खात नाहीये, तर मी पोट तपासलं असतं. मग त्याच दिवशी तपासलं. स्वादुपिंडाला सूज आहे. तो खात नव्हता तो त्या दुखण्याने, नाटक म्हणून नाही. म्हणजे त्याने मला सांगितलं होतं, त्याच्या परीने. त्यांनी जुन्या नोंदीवर आडवी रेघ मारून वर दुरुस्ती लिहिली. मी म्हणाले, खाडाखोडीशेजारी सही लागते, आणि सही केली. माझ्या तिथल्या सगळ्या सह्यांमधली तेवढीच एक मला बघवते.

आता परिस्थिती अशी. सुजेवर औषध सुरू झाल्यापासून दोन दिवसांत आकडे थोडे खाली आले आहेत. काल त्याने माझ्या हाताला नाक लावलं. मी हात काढून घेतला, मला ते सहन झालं नाही. डॉक्टरबाई म्हणतात, आता एक वाट दिसते, पण रुंद नाही. मानेतून नळी घालावी लागेल, दहा दिवस तिथेच, मग घरी नळीतून दिवसातून चार वेळा पातळ अन्न, शिवाय दोन वेळा सुई कायमची. सगळं जुळून आलं तर वर्षभर मिळेल, त्यातले बरेच महिने खिडकीत बसण्याजोगे. नाही जुळलं तर नळीसकट दहा दिवसांत जाईल, आणि ते दहा दिवस चांगले नसतील. दुसरी वाट आहे ती मंगळवारचीच. त्यांच्या मते दोन्हींत चूक काही नाही. नळी शनिवारी दुपारी घालायची किंवा घालायची नाही. त्यापुढे थांबण्यात अर्थ नाही.

हे पत्र तुला एवढ्यासाठी लिहिलं आहे की बोका तुझा आहे. मी ठरवायचं तर माझं मत बनतच नाही. सोडावा म्हटलं तर वाटतं, मला साक्षीदार नको आहे म्हणून म्हणतेय. ठेवावा म्हटलं तर वाटतं, माझं पाप धुवायला त्याच्या मानेला भोक पाडतेय. दोन्ही विचार माझेच आहेत आणि दोन्हींची मला घाण वाटते. तू त्याच्यासाठी बसून वाट बघायचीस, तेव्हा तूच ठरव. कुरियर उद्या दुपारपर्यंत पोचेल. डॉक्टरबाईंचा नंबर मागच्या पानावर आहे. मुलाकडून फोन मागून घे आणि शनिवारी बाराच्या आत त्यांच्याशी बोल. माझ्याशी नको. आणखी एक गोष्ट त्यांना स्पष्ट सांग. ठेवायचा असेल तर सुई पुन्हा माझ्या हातात द्यायची की नाही. नाही म्हणालीस तर दवाखान्यातल्या मदतनीसबाई रोज दोनदा घरी यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलं आहे. त्या टोचतील, मी नुसतं धरीन. आणि धरायलाही नको म्हणालीस तर मी दुसऱ्या खोलीत बसेन. शनिवारी सकाळपासून मी बाकावर असेन. तू त्यांना जे सांगशील ते त्या मला सांगतील, आणि मी तसं करीन.

उत्तर काहीही आलं तरी,
तुझीच