शाळा सोडल्याचं कारण

मंगळवार, संध्याकाळ.

खालापूरला आज आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं: पोरी फसवून नेणारे ओळखायचे कसे, कायद्याप्रमाणे कळवायचं कुणाला. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "मुलीला विचारावं आणि उत्तर दुसऱ्यानंच द्यावं, ही पहिली खूण."

सुनंदा! वाडीवरची, सातवीतली. जूनमध्ये तिचा मामा म्हणून एक जण तिला घेऊन दाखला न्यायला आला. "कुठं चाललीस गं?" मी विचारलं. ती पायातल्या नव्या सँडलकडे बघत राहिली. तो म्हणाला, "लाजते बाई. माझ्याकडं शिकाया नेतोय." आणि मी तिच्यावरच ओरडले, "तोंड नाही का तुला?"

सँडल कुणी घेतली, एवढंही विचारलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिच्या आईला फोन लावला. "मला भाऊच नाय, बाई. तुमीच होस्टेलात घातली ना? त्या माणसानं तुमच्या सहीचा कागद दावला, म्हणून धाडली."

तिथूनच पोलिसांना कळवलं. त्यांनी उद्या दाखल्याचं रजिस्टर मागितलंय. समोर उघडं आहे. कारणाच्या रकान्यात माझं वळणदार अक्षर: 'मामाकडे शिक्षणासाठी.'

तिनं तर तोंडच उघडलं नव्हतं.