उजवा पाय आधी

॥ श्री ॥

सांगली,
१० नोव्हेंबर २०२४

चि. धैर्यशील यास ताईचे अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेला तू आलास, ओवाळून घेतलंस आणि गेलास, पण तुझे हात अजून इथेच आहेत. पाटावर, तांब्यावर आणि दाराच्या पांढऱ्या चौकटीवर. घासून पाहिलं. तुझे दाजी म्हणतात, आमच्या पेठेत हळदीचा डाग लागतो तो निदान उन्हात उडतो. मेव्हण्याचा उडत नाही.

तुझा फोन इंजिनाच्या काळ्या तेलाच्या परातीत पडून वारला, असं तुझ्या बायकोने, क्रांतीने कळवलं. दुरुस्तीचा व्हिडिओ लावून तू जीपखाली झोपला होतास म्हणे. व्हिडिओ अर्ध्यात बुडाला आणि जीप तू पुरी केलीस, ही मला काळजीची गोष्ट वाटते. क्रांतीच्या फोनवर बोलावं, तर आई शेजारी बसून काय म्हणती, काय म्हणती करते आणि सांगितलेलं तिला ऐकू जात नाही. पत्र मात्र ती क्रांतीकडून मोठ्याने वाचून घेते, आवडलं तर पुन्हा वाचून घेते. म्हणून हा पोस्टाचा उद्योग.

आता मुद्द्याचं. आक्कामावशीने अंथरूण धरलंय. पावसाळ्यात त्यांच्या माहेरी, डोंगरमाथ्याच्या सड्यावर जाणारा रस्ता वाहून गेला. ट्रॅक्टरशिवाय काही चढत नाही. ती खाली येऊ शकत नाही, आई वर जाऊ शकत नाही. माहेर डोळ्यांना दिसतं आणि पायांना मिळत नाही, असं झालंय. एकदा बहिणीला बघायचंय, एवढंच आईचं मागणं आहे, आणि तिने याआधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. डोली करू म्हटलं तर म्हणाली, डोलीतून आजारी माणूस खाली आणतात, धडधाकट माणूस वर नेत नाहीत. तेव्हा आबांच्या मागे राहिलेली जीप तू काढलीस, हे चांगलंच केलंस. पण तिचं नेमकं काय केलंयस ते लिही. तू फौजेत गाड्यांच्या तुकडीत होतास हे खरं, पण कारकून होतास. गाड्यांच्या फायली तू उत्तम ठेवल्या असशील, यात मला शंका नाही.

क्रांती, पुढचं वाक्य आईला वाचून दाखवू नकोस. ब्रेक लागतात का?

लोभ आहेच, हात धुऊन आलास तर वाढेल.

तुझी,
संयोगिताताई


उंब्रज,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. ताईस धैर्यशीलचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ब्रेकचं वाक्य क्रांतीनं गाळलं, पण ती मध्येच गप्प झाली म्हणून आईनं ओळखलं आणि तेवढंच वाक्य वाचून घेतलं. बाकीच्या पत्राला तिनं एवढा मान दिला नाही.

काय केलं ते सांगतो. दिवाळीआधी जीप वर नेऊन बघितली होती. पहिल्याच ओढ्यात खडकावर पोट आपटलं आणि खालची तेलाची चेंबर फुटली. ट्रॅक्टरनं ओढून आणली. म्हणजे इंजिनात दम आहे, चारी चाकं ओढतात, कमी पडते ती उंची. या जीपचे स्प्रिंगचे पाटे चाकांच्या ॲक्सलच्या खाली बांधलेले असतात. मी आणि सयाजी वेल्डरनं ते काढून ॲक्सलच्या वर बांधले. जीप वीतभर उचलली. टायरही मोठे घातले. काम आमच्या गोठ्यात केलं. तेवढे दिवस म्हैस बाहेर होती आणि ती दुधाला कमी झाली. हे क्रांती तुला सांगणारच आहे, म्हणून मीच सांगतो.

उंची वाढली की वाढत्या पोराच्या विजारीसारखं बाकीचं तोकडं पडतं. ब्रेकचा रबरी पाइप ताणला. ते ध्यानात कुणाच्या आलं, तर कारकुनाच्या. कऱ्हाडहून लांब पाइप आणून घातला, त्यातली हवा काढली, आता ब्रेक लागतो. चाकांना फिरवणारा शाफ्ट जरा वाकडा कोन करून फिरतो, त्यामुळं तिसऱ्या गिअरला जीप लय थरथरते. पण सड्यावर जाताना तिसरा गिअर पडतच नाही, तेव्हा तो प्रश्न मिटला.

काल एकटाच वर जाऊन आलो. दोन्ही ओढे, खिंडीतला चढ, कुठं टेकली नाही. आक्कामावशी बारीक झाली आहे. तिनं मला ओळखलं, पण बोलताना माझ्याकडं न बघता माझ्या मागं बघत होती. आई उतरत असेल असं तिला वाटलं.

दाजींना नमस्कार. लोभ असावा, आणि तो दाजींच्या समोरही थोडा दिसावा.

तुझा,
धैर्यशील


सांगली,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. धैर्यशील यास आशीर्वाद.

मावशी तुझ्या मागे बघत होती, हे वाचून दुपारभर मला काही सुचलं नाही. मग निदान तुझ्यावर रागवावं म्हणून पत्र पुन्हा वाचलं आणि जागा सापडली.

थरथरीचा प्रश्न मिटलेला नाही. तिकडे बघायचं नाही असं तू ठरवलं आहेस. कचेरीत याला प्रकरण निकाली काढणं म्हणतात. दाजींनी पेठेतल्या गॅरेजवाल्याला विचारलं. पाटा आणि ॲक्सल यांच्या मध्ये तिरपी पोलादी पाचर बसवली की शाफ्टचा कोन सुधारतो म्हणे. पाचर मारणं आपल्या भावकीत सगळ्यांनाच येतं, तेव्हा त्यासाठी बाहेरचा माणूस लागू नये.

पण मला धास्ती वेगळीच आहे. खडक किती उंच, पाणी किती खोल, टायर किती मोठा, सगळं तू मोजलंस. आईला मोजलंस का? ती घरचा उंबरा ओलांडताना चौकट धरते. एवढ्या मोठ्या पत्रात ती जीपमध्ये बसून पाहिल्याचं कुठे नाही. उलट टपाली कळव.

क्रांतीला आणि म्हशीला माझी सहानुभूती सांग. माया आहे तशीच आहे, धास्तीमुळे ओरखडे निघतात एवढंच.

तुझी,
ताई


उंब्रज,
४ डिसेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाचर बसवली, थरथर गेली. दाजींना माझा सलाम. यापुढचं लिहायला हात उचलत नाही, पण तू सोडणार नाहीस.

मोजलं नव्हतं. शुक्रवारी आईला जीपपाशी उभं केलं, तर जीपचा तळ तिच्या कमरेला. तिनं खालीवर बघितलं आणि म्हणाली, हत्ती आणलास, शिडी कुठाय? सयाजीकडून लगेच एक पायरी वेल्ड करून घेतली. शनिवारी नारळ फोडला. आईनं पायरीवर उजवा पाय ठेवला, मी आणि क्रांतीनं आधार दिला, तिनं डावा पाय आत टाकला आणि बसली. तोंड मागं, पाठ पुढच्या काचेला. सगळी गल्ली बघत होती. आई म्हणाली, आता मला आणि गल्लीला एकमेकांची तोंडं दिसत्यात, एवढंच झालं.

तू करून बघ. डाव्या बाजूनं चढायचं आणि पायरी एकच असली, तर पायरीवर डावा पाय ठेवून उजवा आत टाकावा लागतो. तरच माणूस समोर तोंड करून बसतं. आईला सांगितलं, डावा आधी ठेव. म्हणाली, या घरात आले ती उजव्या पायानं, आणि आक्काकडं डाव्या पायानं निघू होय? तिच्यापुढं अशुभ न्यायला निघालोय का आपण?

खाली दुसरी पायरी लावावी, तर ती लोंबते आणि ओढ्यातल्या खडकाला अडकते. उंची मिळवायची आणि पायरीनं घालवायची. स्टुलाचं नाव काढायची सोय नाही. स्टुलावरून पडून मनगट मोडल्यापासून ती स्टुलाकडं बघत नाही. जीप बांधाला लावतो म्हटलं, तर म्हणाली, बांधावरनं म्हशी टेम्पोत चढवतात.

जीप गोठ्यात उभी आहे. आई ओसरीवर तिच्याकडं पाठ करून बसते. परवा वरून निरोप आला, मावशी आता जेवायलाही उठत नाही. ताई, तूच काहीतरी लिही तिला. माझं ती ऐकत नाही आणि तुझं निदान वाचून घेते.

तुझा,
धैर्यशील


सांगली,
९ डिसेंबर २०२४

ती. आईस संयोगिताचा शि. सा. नमस्कार.

पत्र खास तुला आहे, क्रांती फक्त वाचते आहे. वाचताना तिने काही गाळलं तर तुला कळतंच.

आई, या घरात येताना मी माप उजव्याच पायाने ओलांडलं. पुढे काय काय झालं ते तुला ठाऊक आहे. तुझे जावई खांद्यावरून वाचताहेत, म्हणून इथेच थांबते. धैर्यशील फौजेत गेला तेव्हाही तू त्याला उजवा पाय आधी टाकायला लावलास. तिकडे पहिल्याच दिवशी परेडमध्ये डावा पाय आधी टाकायला शिकवला. तरी तो सुखरूप आला, उलट जाडा होऊन आला.

म्हणून म्हणते, एकदा डावा टाक. त्यात काही दोष असेल तर तो माझ्या नावावर. मावशी वाट बघते आहे. तू कोणत्या पायाने निघालीस, हे विचारण्याइतकी ताकद तिच्यात उरलेली नसेल. उशीर का केलास, एवढं मात्र ती विचारील.

रागवू नकोस. रागवलीस तरी माया कमी करू नकोस, ही पायांवर डोकं ठेवून विनंती. दोन्ही पायांवर.

तुझी,
संयोगिता


उंब्रज,
१६ डिसेंबर २०२४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईनं दोनदा वाचून घेतलं. मावशीच्या वाक्याला पदर डोळ्याला लावला. मग म्हणाली, लेक शहाणी हाय, पर पाय माझा हाय. उठली आणि गोठ्यात गेली. जीपच्या भोवती फिरली, आत वाकून बघितलं आणि मला म्हणाली, मला फिरवता येत नसंल तर खुर्ची फिरव की.

खुर्ची चार नटांवर असते, ताई. दोन महिने मी त्या जीपचं खालचं वर करत होतो. खुर्चीकडं बघितलं नाही, कारण व्हिडिओत खुर्ची नव्हती.

नवी भोकं पाडली, खाली लोखंडी पट्ट्या घातल्या, खुर्चीची पाठ पुढं केली. आई उजवा पाय ठेवून चढली आणि बसली ती बरोब्बर बसली. एकच घोर होता. चढावर मागं तोंड केलेलं माणूस खुर्चीतून घसरतं. म्हणून ट्रकचा माल आवळायचा रुंद पट्टा सांगाड्याला बोल्ट केला. आधी आईच्या वजनाइतकी ज्वारी पोत्यात भरून, खुर्चीत बांधून खिंडीपर्यंत नेली आणि आणली. पोतं जागचं हललं नाही. आईनं विचारलं, पोतं काय बोललं का?

गुरुवारी सकाळी निघतो. तू पाठवलेली हळद आणि गुळाची ढेप सोबत आहे. पाठीशी तुझा आशीर्वाद असावा. बोलणी बसली तरी चालतील, त्यांची सवय आहे.

तुझा,
धैर्यशील


सड्यावरची वस्ती,
२४ डिसेंबर २०२४

चि. सौ. संयोगितास आईचा आशीर्वाद.

ही चिठ्ठी हितल्या शाळंचं धम्मपाल गुरुजी लिवत्यात. मी सांगती तसंच लिवा, सुदारू नका, म्हनलंय त्यास्नी.

आमी पोचलो. तुजा भाऊ हाकत व्हता, त्येचं तोंड फुडं, माजं मागं. एका गाडीत बसून दोघं दोन गावाला निघाल्यागत. त्यो रस्त्याला शिव्या द्यायचा. मला दगूड गाडीखालनं गेल्यावर दिसायचा, तवर त्येचं काम झालेलं असायचं. म्हनून मला भ्या वाटलं न्हाई. भ्या फुडं बघनाऱ्याला वाटतं. पट्टा तेवडा काचला. पोत्याला इचारलं असतं तर त्येनंबी सांगितलं असतं.

खरं सांगू का, आदी आपलं घर बारीक झालं, मग देवळाचा कळस, मग हायवेच्या गाड्या मुंग्यांवानी. सासर आसं लांब लांब जाताना मी जल्मात बघितलं न्हवतं. लय बरं वाटलं. तुज्या आबांस्नी सांगाया पायजे व्हतं, पर त्येनी जित्तं असताना बी माजं कवा ऐकलं न्हाई.

आक्का अंगनात बाजंवर पडली व्हती. तिला पयली दिसली माजी पाठ. म्हनली, रंगू, रुसून आलीस व्हय गं? मी म्हनलं, व्हय, तू खाली यीना म्हनून रुसले. मग लय हसलो, मग रडलो. मग तिनं भाकरी मागितली. दुदात कुस्करून चतकोर खाल्ली. आता रोज खाती. बरी व्हईल आसं मी म्हनत न्हाई, तीबी म्हनत न्हाई. धैर्यशीलला माघारी लावून दिलाय. संक्रांत झाली की न्ह्याला ये म्हनलंय.

आनि येक. लगीन होऊन मी ह्यो डोंगूर उतरले तवा बायका म्हनल्या, पोरी, म्हायेराकडं वळून बघायचं न्हाई. मी बघितलं न्हाई. आक्का खिंडीपत्तूर मागनं आलती आनि मी दिसायची बंद झाले तवर उबी ऱ्हायली, ह्ये मला आत्ता कळलं, तिनं सांगितल्यावर.

तुज्या भावाच्या मनात हाय, उतरताना खुर्ची पुन्ना सरळ करावी. त्येला तू कळीव, तुजं त्यो ऐकतो. म्हनावं हाय तशी ऱ्हाऊ दे. आक्काला सांगून ठेवलंय, त्या दिवशी बाज अंगनाच्या कडंला घ्यायला लाव. उतरताना माजं तोंड तिच्याकडंच ऱ्हातंय. वळायला नगं.

जावयांस्नी आशीर्वाद. जीव लावतीस तसाच लाव.

तुजी आई,
रंगूबाई