नानाताळ्याची नोंद

४ मार्च, मंगळवार

ऑफिसच्या शब्दसूचीचं लोढणं शेवटी माझ्याच गळ्यात! मॅडम म्हणाल्या, "नानाताळा नीट लिहून काढ. कोणी जोडून लिहितं, कोणी तोडून, कोणी नुसतंच 'नाना'. तुझ्या सासऱ्यांचं नाव, तूच ठरव."

घरी नानांना सांगितलं. खुर्चीतून ताडकन उठलेच. "तोडून लिही. नाव वेगळं दिसलं पाहिजे. ताळा काय, कोणीही करतं!" हा ताळा नानांनीच नोकरीत असताना सुरू केला, पण ऑफिसातल्या नव्या लोकांना नाना हा जिताजागता माणूस आहे हेच माहीत नाही. एकीने तर मला विचारलं होतं, हे कशाचं लघुरूप?

६ मार्च

व्याख्या लिहिली. 'प्रोग्रॅमने काढलेलं औषधाचं प्रमाण दुसऱ्या माणसाने, पडद्याकडे पाठ करून, कागद-पेन्सिलीने पहिल्यापासून काढणे आणि मग दोन्ही उत्तरं जुळवणे.' परत वाचली आणि माझीच एक सही आठवली.

गेल्या महिन्यात बाळांना औषध देणाऱ्या पंपाच्या कागदावर मी लिहिलं – नानाताळा झाला. खाली सही. केला नव्हता! धाकटी शाळेत पडली म्हणून फोन आला होता, मी चप्पल घालून दारात उभी. उद्या करू म्हटलं. उद्या विसरले. आणि पंप दवाखान्यांत गेलेसुद्धा. बाळाचं वजन टाकलं की शिरेतल्या औषधाचा वेग ते आपोआप ठरवतात.

७ मार्च

ताळा करून बघायचीही भीती वाटते.

८ मार्च, शनिवार

सुट्टी. सकाळीच जेवणाच्या टेबलावर गणित घेऊन बसले. वीस वजनं. अठरा जुळली. दोन किलोच्या खालची दोन नाहीत – पंप दीडपट देतो! तीनदा केलं. तेच.

नाना पेपर खाली ठेवून म्हणाले, "आता कसला ताळा? पंप गेला ना?"

"मी केलाच नव्हता, नाना." तोंडातून निघून गेलं. वाटलं, आता आकाश फाटणार. नानांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

फोन हातात घेऊन दहा मिनिटं बसले. नोकरी जाईल, कदाचित पोलीस. मग ते दीडपट डोळ्यांसमोर आलं आणि नंबर लावला. मॅडम म्हणाल्या, "आधी पंप थांबवते. तुझ्याशी मग बोलते."

९ मार्च

दोन किलोखालचं बाळ एकाच दवाखान्यात निघालं. वेग जास्त वाटला म्हणून नर्सने स्वतःच कमी केला होता. बाळ ठीक आहे. नळ सोडून पोटभर रडले. त्या नर्सचे पाय धरावेत असं वाटतंय.

१० मार्च, सोमवार

मॅडमनी माझा सहीचा अधिकार काढून घेतला. नोकरीचं नंतर बघू म्हणाल्या. मग सगळ्यांकडेच ताळ्याचे कागद मागितले. कोणाकडेच नाहीत! पंपाचा इंजिनिअर कपाळाला हात लावून म्हणाला, "म्हणजे सगळे नुसतं लिहीतच होते?"

मॅडम म्हणाल्या, "घाबरू नका. मोठ्या माणसांचे पंप नानांच्या काळातले. त्यांच्या ताळ्याच्या वह्या तुझ्या घरी आहेत. उद्या घेऊन ये." जरा जीवात जीव आला.

नानांकडे वह्यांच्या कपाटाची किल्ली मागितली. म्हणाले, "कुठे ठेवली, आठवत नाही गं." नाना! ज्यांना घरातल्या सुईचीही जागा पाठ!

११ मार्च

सकाळी किल्ली माझ्या चहाच्या कपाशेजारी होती. नाना अंथरुणातच, भिंतीकडे तोंड करून.

अकरा वह्या. पहिलीत पानोपानी गणित, खाडाखोड, पेन्सिलीचे डाग. बाकीच्या दहांत प्रत्येक पानावर तारीख, सही आणि एकच उत्तर. शाईने. गणित कुठेच नाही.

त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तोंड न वळवता म्हणाले, "व्याख्या बरोबर लिहिलीस. त्यातलं माझं नाव तेवढं खोड."

दहा वह्या. त्यांतले सगळे पंप आत्ता दवाखान्यांत चालू आहेत.