आण्णांच्या दगडावरचं पोतं

१ जून २०२५, रविवार — तासगाव

आज सलग सातवा रविवार. आईचे गुडघे गेलेत, म्हणून तिला गाडीवरून चर्चला सोडतो. आधी बाहेर चिंचेखाली थांबायचो. आता आत बसतो. शेवटचा बाक, करकरणारा पंखा.

सत्तावीस वर्षं त्या दारातून मी फक्त मयतीला आत गेलो. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी, आण्णांनीच दम दिला होता — "कागदावर हिंदू हायस. चर्चमधी दिसू नगंस." आण्णांचा बाप ख्रिस्ती झाला, पण शाळेत मास्तरांनी जुनंच लिहिलं आणि आम्ही कुणी ते खोडलं नाही. त्या कागदावर मला अनुसूचित जातीतून नोकरी मिळाली. ख्रिस्ती म्हटलं की ती सवलत संपते. गाव मात्र जात विसरत नाही!

पहिला रविवार, म्हणजे प्रभूभोजन. भाकरीचं ताट माझ्यापुढं आलं. मंडळीच्या यादीत नाव नाही, म्हणून पुढं सारलं. आईनं तुकडा घेतला आणि डोळे मिटले. मला तिचा हेवा वाटला. पन्नाशीच्या माणसानं लिहू नये, पण वाटला.

८ जून

पाळकसाहेब उपदेशात इस्राएलवर बोलले. अख्खं राष्ट्र देवाला सोडून भरकटलं आणि रडत परत आलं. आपल्या देशानंही वळावं, म्हणाले. मी मागं बसून चिडलो. देशाचं देश बघेल, मला साधा एक फॉर्म खरा भरता येत नाही!

बाहेर पडताना त्यांनी हात धरला. "सयाजीराव, ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मंडळीपुढं उभे राहा. देवाकडं परत कसे आलात, त्याची साक्ष द्या. यादीत नाव परत घालू."

हो म्हणून बसलो. आणि घरापर्यंत गाणं गुणगुणत आलो. आई मागच्या सीटवरून दुसरा आवाज लावत होती.

९ जून — सातारा

दुपारी ऑफिसात घरून पायलचा फोन. "पप्पा, जात पडताळणीचं पत्र आलंय. मूळ गावी चौकशीला येणारेत. देव कुठले, सण कुठले, सगळं विचारतात म्हणे."

पोरगी मेडिकलच्या जागेसाठी दोन वर्षं मान मोडून अभ्यास करतेय. दाखला वैध ठरला तर डॉक्टर. नाही ठरला तर तिची जागा जाईल आणि मागोमाग माझी नोकरी. काल हो म्हणालो आणि आज हे!

१५ जून

चर्चला गेलो नाही. आईला रिक्षा करून दिली.

२२ जून — तासगाव

संयोगितानं सगळं ठरवूनच ठेवलं होतं. बायको माझी हुशार आहे, आज मात्र तिच्या हुशारीची भीती वाटली. शेजारच्या शालूबाई त्यांचा देव्हारा दोन दिवस देणार. भिंतीवरचं बायबलचं वचन काढायचं. पवित्र शास्त्र ज्वारीच्या डब्यात.

"आणि आत्याबाईंनी काय ते नीट सांगायचं," ती म्हणाली.

आई भाजी निवडत होती. मान वर केली नाही. "मला बोलाया लावू नगा. तुमचं तुमी बगा."

बेदाण्याच्या शेडवर मुकादमानं तासभर जास्त लिहिला, तर तो खोडायला लावणारी बाई आहे ही. तिला मी काय शिकवणार!

पायल उंबऱ्यात बसून सगळं ऐकत होती.

२९ जून

पाळकसाहेबांचा फोन. उचलला नाही.

५ जुलै

चौकशी बुधवारी. संयोगिता म्हणाली, "आण्णांचा दगड?"  वडील कुठं पुरलेत असं विचारलं आणि बघायला गेले तर? दगडावर क्रूस आहे. नाव आहे. खाली 'प्रभूमध्ये निजला' आहे. मीच कोरून घेतलं होतं.

खताचं रिकामं पोतं घेऊन कबरस्तानात गेलो. दगड आडवा आहे हे बरं. पोतं अंथरलं, चार कोपऱ्यांना चार धोंडे ठेवले. गुंडा तिथं राखणीला असतो. लांबून बघत होता. त्यानं रामराम केला, मी केला नाही. बापाचं तोंड झाकून आलो. यापेक्षा वेगळं काय लिहू?

६ जुलै

आईनं प्रभूभोजन घेतलं. मी चिंचेखाली.

९ जुलै, बुधवार

आले. चौकशीचे साहेब आणि बरोबर एक शिपाई. साहेब पन्नाशीचे, हळू बोलणारे. बुटांना ताजी लाल माती लागलेली. बूट बाहेर काढून आत आले.

देव्हाऱ्याकडं बघितलं. मग आईकडं. "आजी, कुलदैवत कुठलं?"

 आणि आई बोलायला लागली! "खंडोबा, सायेब. पालीचा. आन् लक्षुमीआई. घट बसिवतो आमी. पोरांचं जावळ काढतो. आमोशाला नारळ." एकदा अडखळली नाही. जन्मभर शेजारणींचं बघितलेलं सगळं तिनं ओळीनं मांडलं. साहेब लिहीत होते. पायल भिंतीला टेकून उभी, पांढरीफटक.

मग चहा आला. आणि मी काय केलं! कप हातात घेतला, मान खाली घातली आणि डोळे मिटले. आईच्या घरात चहापाण्याआधी उपकारस्तुती करतात. मी वर्षानुवर्षं केली नव्हती. या दोन महिन्यांत कधी अंगात परत शिरली, कळलंच नाही. 'आमेन'पाशी आलो आणि भानावर आलो. डोळे उघडले तर साहेब माझ्याकडं बघत होते.



आई म्हणाली, "शुगर हाय त्येला. सकाळची गोळी घेटली का न्हाई, आटवतोय."

साहेब हसले. "मलाही आहे," म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

आई उठली, शालूबाईंचे देव पदराखाली घेऊन स्वतः पोचवून आली. त्यानंतर ज्वारीचा डबा उघडला नाही. जेवताना डोळे मिटले नाहीत.

२० जुलै

आई गात नाही. मी मुद्दाम चुकीच्या सुरात सुरू केलं, तरी नाही.

१ ऑगस्ट

वैध! पायलनं फोनवर सांगितलं. आवाज असा, की जणू कुणी गेल्याचं सांगतेय. संयोगितानं पेढे आणले. आईनं पेढा हातात धरून ठेवला.

३ ऑगस्ट, रविवार

साक्षीचा दिवस. पाळकसाहेबांनी नाव पुकारलं. उभा राहिलो. काय साक्ष देणार? वैध दाखला खिशात घालून? "पुन्हा केव्हातरी," म्हणालो आणि खाली बसलो. सगळी मंडळी खाली बघत होती.

मग ताट आलं. आईनं घेतलं नाही. पुढं सारलं. बाप्तिस्म्यापासून एकदाही न चुकलेली माझी आई!

मी कानात म्हटलं, "आई, घे की गं."

"न्हाई रं. ह्या तोंडानं मी त्येला नाकारलंय. कुनी काय म्हनंना, मला ठावं हाय की. तू घे." 

मी कसा घेऊ? ताट परत गेलं. मी देवाकडं परत यायला निघालो आणि माझ्यापायी आई बाहेर पडली. रडलो. सगळ्यांसमोर रडलो.

४ ऑगस्ट

रजा टाकली. सकाळी आण्णांच्या दगडावरचं पोतं काढायला गेलो. मी चार धोंडे ठेवले होते. आज पाच होते.

गुंडा आला. "त्यो पाचवा सायबानं ठिवला. त्या बुदवारी सकाळीच आलता, फायल घिऊन. पोतं उचाललं, दगड वाचला. लय येळ हुबा ऱ्हायला. मग हुतं तसं झाकलं. वाऱ्यानं उडंल म्हनला. आन् मला तुमचं घर इचारलं."

म्हणजे आमच्याकडं यायच्या आधी! आई देव सांगत होती तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. ते खोटं आहे हे जाणूनच त्यानं खरं म्हणून लिहून घेतलं; तिनं त्याला फसवलंच नव्हतं.

पोतं घडी करून गाडीला अडकवलंय. आईला सांगायला निघालोय.