‘अहो’कडून एक रुपया

११ फेब्रुवारी, मंगळवार
दुपारी भाकरी थापत होते. फोन वाजला, पिठाच्या हातानंच बघितला. ‘अहो’ यांनी आपल्याकडे एक रुपया मागितला आहे. खाली दोन बटणं. एक द्यायचं, एक नाकारायचं.

अहो जाऊन वर्ष व्हायला आलं.

तव्यातनं धूर निघाला तरी तशीच उभी. बटण कुठलंच दाबलं नाही. ती भाकरी करपली. मग दुसरी टाकली. कुणासाठी, ते स्वतःलासुद्धा विचारलं नाही.

१२ फेब्रु.
लिहून ठेवते. नाहीतर चार दिवसांनी मीच म्हणेन, भास झाला.

हे शाहूपुरीतल्या दुकानातून जेवायला निघताना पूर्वी मिस कॉल द्यायचे. यांची स्कूटर कळंब्याला घरी पोचेतो माझी पहिली भाकरी फुगलेली असायची. मग मोबाईलवरून पैसे द्यायचं निघालं, तशी यांनी नवी टूम काढली. माझ्याकडे एक रु. मागायचा. म्हणजे ‘निघालो’. मी नाकारायचा. म्हणजे ‘या’. “फुकटात काम, आणि तुझं उत्तरबी मिळतंय,” म्हणायचे. मोटारपंपाचे स्पेअरपार्ट विकणारा माणूस, पण ऐट अशी की तारायंत्र यांनीच शोधलंय! चिक्कू मेला. शेवटची काही वर्षं रोज दुपारी मी त्या माणसाचा रुपया नाकारला.

कालचा नाकारायचा राहिला. आज बघितलं तर तिथं ‘मुदत संपली’ असं आलंय.

१३ फेब्रु.
अभिला पुण्याला फोन केला. म्हणाला, “आई, बाबांचा नंबर आपण रिचार्जच केला नाही. कधीच बंद झालाय. फ्रॉड असणार, ब्लॉक कर.” लेक हुशार आहे. दोन वाक्यांत बापाचा निकाल लावला.

ब्लॉक करायच्या आधी त्या नंबरला एकदा फोन लावला. रेकॉर्डमधली बाई म्हणाली, हा क्रमांक अस्तित्वात नाही.

मग ब्लॉक तरी कुणाला करायचं? तसंच ठेवलं.

१५ फेब्रु.
बस्तीत दर्शनाला जाऊन आले. मन लागलं नाही. पर्समधला फोन सारखा चाचपत होते, शेजारची बाई बघायला लागली.

१९ फेब्रु.
काही नाही. रोज जेवणाच्या वेळेला फोन ओट्यावर. काही नाही.

२२ फेब्रु.
शेवटी शमीमला सांगितलं. शेजारीच राहते, पुढच्या खोलीत तिचं पिको-फॉलचं मशीन. ऐकून तिनं मशीन थांबवलं, ते काही ती सहसा थांबवत नाही. म्हणाली, “अक्का, मेलेली माणसं पैसं मागत न्हाईत गं. जित्तीच मागत्यात.”

बरोबर आहे तिचं. पण तिच्याही हातावर काटा आलेला मी बघितला.

४ मार्च, मंगळवार


दुपारी फोन वाजला. नुसता निरोप नाही, कॉल. पडद्यावर ‘अहो’ आणि यांचा तो स्कूटरवरचा फोटो, हेल्मेट मांडीवर घेतलेला. उचलला आणि तोंडातून गेलंच, “अहो?”

पलीकडं मोटार फिरल्यासारखा घूं आवाज, दुकानात टेस्टिंगला पंप लावला की यायचा तसा. मग परका आवाज. मऊ, शिकलेला. “काकू, विमा ऑफिसातून बोलतोय. सरांच्या नावावर रक्कम पडून आहे. रिक्वेस्ट पाठवतो, स्वीकारा, पिन टाका, लगेच जमा होईल.”

सर गेलेत हे याला कसं माहीत, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. आता कळतंय. माझ्या त्या एका ‘अहो?’मध्ये सगळं आलं होतं.

रिक्वेस्ट आली. आकडा मोठा. ‘अहो’ हे नाव बघूनच मी पिनपर्यंत गेले. पहिले दोन आकडे टाकलेसुद्धा! तिसरा दिसेना म्हणून चष्मा लावला. तर मोठ्या अक्षरात ‘अहो’ आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात भलतंच नाव. कुठल्याशा परगावच्या माणसाचं.

फोन पालथा घातला. तो पुन्हा वाजला, परत वाजला. पालथ्या फोनच्या कडेनं उजेड येत होता.

४ मार्च, दिवेलागणीला
शमीम आली होती. डोक्याला हात लावला. “येडी का काय तू? पैसं घ्यायला कुटं पिन लागतोय व्हय? पिन द्यायलाच लागतोय!” तिला एवढं कळतं. मलाही कळत होतं की. महिला मंडळात हेच मी बायकांना सांगितलंय, माईक हातात धरून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

विचार करत बसले. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे आमच्या आईनं, अव्वानं शिकवलेलं. त्यामुळं फोनमध्येसुद्धा नाव नाही, ‘अहो’. नाव घातलं असतं तर खालचं भलतं नाव लगेच खटकलं असतं. आता जो कुणी तो नंबर घेईल तो माझा अहो. या विचारानं अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

५ मार्च
पुन्हा रिक्वेस्ट. दुपारचीच. नाकारली. बोट सवयीनं तिथंच गेलं. आणि मग लक्षात आलं, मी त्या परक्याला ‘या’ म्हटलं.

तक्रार दे म्हणून शमीम मागं लागलीय. अभिनं तर फोनवरच आवाज चढवला. दोघांचं खरं. पण तक्रार दिली की नंबर बंद करतील. तो फोटो परत कधी उजळणार नाही. चोराच्या हातून का होईना, उजळतोय तरी. असं वाटतं याची लाज वाटते, पण वाटतं.

८ मार्च, शनिवार
मलकापूरहून फोन. यांचं जुनं गिऱ्हाईक, दर उन्हाळ्यात पंप घेऊन यायचे. “वैनी, अण्णांच्या नंबरवरनं पैशाची मागणी आलती. अण्णा गेल्याचं ठावं हाय मला. म्हनलं तुमास्नीच कायतरी नड आसंल, मागायची लाज वाटत आसंल. दिलं टाकून. पोचलं न्हवं?”

कर्जबिर्ज काही नव्हतं. अण्णाचं घर अडचणीत आहे म्हटल्यावर माणसानं का म्हणून विचारलं नाही.

मी आधीच दाबलं असतं ते ब्लॉक-रिपोर्टचं लाल बटण, तर या गिऱ्हाइकाचे पैसे वाचले असते. मी फोटो बघत बसले.

किती जणांच्या फोनमध्ये असेल तो नंबर? ‘अण्णा पंपवाले’, ‘शाहूपुरी अण्णा’, ‘अण्णा’. नाव मी कधी घेतलं नाही, पण जपलं. आता ते कुणीतरी गावोगाव विकत फिरतंय.

१० मार्च, सोमवार
शमीमला घेऊन पोलीस ठाण्यात. मलकापूरचे पाव्हणे आधीच येऊन बसले होते, हातात टोपी. बँकेलाही कळवलं. सायबरच्या टेबलावर एक बाई. अभिच्या वयाची असेल. भराभर विचारत होती.

“नंबर कुनाच्या नावानं सेव्ह हाय?”
“अहो.”
“अवो काकू, तसं न्हवं. मूळ मानसाचं नाव सांगा की.”

शमीम सांगायला तोंड उघडत होती. मी तिचा हात दाबला. लग्नात आणि हळदीकुंकवात उखाण्यात गुंडाळून घेतलं तेवढंच. असं कोरडं, टेबलावर ठेवल्यासारखं कधी नाही.

“भूपाल,” म्हटलं. “भूपाल जिनाप्पा.”

बाईनं टाईप केलं. तिला काय त्याचं. मी मात्र तिथंच रडले, आणि पाव्हणे उगीचच भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले.

बाहेर येऊन पायरीवर लाल बटण दाबलं. ब्लॉक, आणि रिपोर्ट.

११ मार्च
यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकच निरोप पाठवला. ‘भूपालअण्णांच्या नंबरवरून पैसे मागितले तर देऊ नका. पिन कुणाला सांगू नका. दिले असतील तर लगेच तक्रार करा. अण्णा आता नाहीत.’ शेवटचं वाक्य लिहायला फार वेळ लागला. उत्तरं येतायत. नुसते जोडलेले हात.

१८ मार्च
नंबर बंद झाला. पाव्हण्यांचे थोडे पैसे बँकेनं अडवून धरलेत, परत मिळतील म्हणतात.

घर फार गप्प आहे.

२ एप्रिल, बुधवार
जबाबावर सही करायला पुन्हा ठाण्यात. बाई आज जरा निवांत होती, चहा सांगितला. म्हणाली, “कंपनीकडनं उत्तर आलंय काकू. त्या मानसानं हे सिम फेब्रुवारी संपता संपता घेतलंय, आनि त्यावर येनाऱ्या जुन्या वळकीच्या मेसेजवरनं तुमा सगळ्यांचं नंबर गोळा केलंत. त्याच्या आदी कितीतरी म्हयनं ह्यो नंबर कुनाकडंच न्हवता. बंदच.”

मी म्हटलं, “कुणाकडंच?”
“कुनाकडंच न्हाय.”

चहा घेतला. सही केली. तक्रारीला जोडलेले माझ्या फोनच्या पडद्याचे फोटो तिनं पुढं सरकवले, सगळे बरोबर आहेत का बघा म्हणाली. त्या माणसाच्या सगळ्या रिक्वेस्ट होत्या. अकरा फेब्रुवारीची नव्हती. तो फोटो मी दिलाच नव्हता, का ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आजही दिला नाही.

रिक्षात शमीमला सांगितलं. ती म्हणाली, “सर्व्हरचा घोळ असतोय अक्का. जुनं कुटंतरी अडकल्यालं येतंय मागनं.” असेल.

घरी येऊन ती अकरा तारखेची उघडून बघितली. आहे अजून. एक रुपया. मुदत संपली. बटणं गेलीत तिथली. आता नाकारता येत नाही.

एवढी वर्षं रोज उत्तर दिलं आणि त्या दिवशी नेमकं दिलं नाही. निघाले होते, आणि मी या म्हटलं नाही.

३ एप्रिल
तो नंबर अनब्लॉक केला. अभिला सांगायचं नाही. नाव बदललं, ‘अहो’ काढून ‘भूपाल’ घातलं, म्हणजे खाली दुसरं कुणी असलं तर लगेच कळेल. चष्मा ओट्यावरच ठेवलाय.

दुपारी दोन भाकऱ्या टाकल्या. फोन पिठाच्या डब्याशेजारी आहे, आवाज मोठा करून.